हातोहात जाणारं काजळ

काजळ काळं असतं. दिव्यावर धरलेल्या वाटीच्या बुडाशी जमणाऱ्या काजळीइतकं काळं घरात दुसरं काहीच नसतं. मग त्याच काजळानं गोंदलेला हात हिरवा-निळा का दिसतो? पांढरकवड्याच्या किंवा घाटंजीच्या आठवडी बाजारात भाजी निवडणाऱ्या एखाद्या आजीच्या मनगटाकडे नीट बघा. ठिपक्यांच्या ओळी, एखादा विंचू, तुळशीवृंदावन. साठ-सत्तर वर्षांपूर्वी टोचलेलं काजळ, आणि रंग निळसर हिरवा.

‘रंग उतरला,’ असं आपण म्हणून जातो. पण काजळ म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन, आणि कार्बन उन्हानं विटत नाही की पाण्यानं धुपत नाही. ही सगळी करामत उजेडाची आहे. गोंदणाची सुई कातडीचा वरचा थर ओलांडून खालच्या थरात, साधारण एक-दोन मिलिमीटर खोल, काजळ सोडते. त्यामुळे आपण काजळ पाहतो ते कायम वरच्या कातडीच्या आडून. उजेड कातडीत शिरला की त्यातला लाल भाग खोलवर जातो आणि काजळात गडप होतो. निळा भाग वरच्या वरच विखुरतो आणि त्यातला काही माघारी फिरून आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. वाटेत कातडीची पिवळसर छटा त्यात मिसळते. आजीच्या हातात निळं किंवा हिरवं असं काहीही टोचलेलं नाही, तरी आपल्याला ते दिसतं.

आता तिच्याच शेताच्या धुऱ्यावर चला. पावसाळ्यात यवतमाळच्या काळ्या जमिनीत घोळीची भाजी न पेरता उगवते. तिच्या मांसल पानांवर एका फुलपाखराची अळी वाढते. त्याचं इंग्रजी नाव डॅनेड एगफ्लाय. त्यातला नर काळाभोर असतो, पंखांवर ठळक पांढरे गोल ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या कडेनं निळी-जांभळी झळाळी. फुलपाखरू जरासं वळलं की झळाळी विझते, परत वळलं की पेटते. रंगद्रव्य असतं तर असं झालं नसतं. फुलपाखराच्या पंखांवर हजारो खवले कौलांसारखे एकावर एक बसवलेले असतात. पंखाला हात लावल्यावर बोटांना लागणारी भुकटी ती हीच. या खवल्यांवर सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या कडा असतात आणि त्या कडांमध्ये इतके पातळ थर, की त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरींपैकी निळ्या-जांभळ्या लहरी एकमेकींना जोर देतात आणि बाकीच्या एकमेकींना पुसून टाकतात. हातावरच्या निळ्याची रीत वेगळी, पंखावरच्या निळ्याची वेगळी. पण दोन्हीकडे निळा रंग म्हणून काही साठवलेला नाही. हे कळल्यापासून गोंदणाचा हात आणि फुलपाखराचा पंख मला वेगवेगळे आठवतच नाहीत.

गोंदण टिकतं कसं, हे तर याहून मोठं नवल आहे. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा होतो. म्हणून काजळ खालच्या थरात जावं लागतं. पण तिथंही शरीर स्वस्थ बसत नाही. सुईनं बाहेरचं काही आत आणलं की मॅक्रोफेज नावाच्या राखणदार पेशी धावत येतात आणि ते कण गिळतात. जंतू असते तर त्यांनी पचवून टाकले असते. काजळ पचत नाही. पेशी ते पोटात घेऊन तिथंच बसून राहते. पूर्वी शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की याच पेशी जन्मभर जगतात आणि म्हणून गोंदण जन्मभर राहतं. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्से शहरातल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर हिरव्या शाईचे पट्टे गोंदले आणि नंतर तिथल्या या पेशी मुद्दाम मारून टाकल्या. पट्टे जसेच्या तसे राहिले. मेलेल्या पेशींनी सोडलेली शाई नव्यानं आलेल्या पेशींनी जागच्या जागी उचलली होती. त्या मेल्या की त्यांच्यामागून येणाऱ्या उचलतात.

म्हणजे आजीच्या लग्नाआधी ज्या पेशींनी तो विंचू धरला, त्या केव्हाच गेल्या. त्यांनी तो पुढच्यांच्या हाती दिला, पुढच्यांनी त्यापुढच्यांच्या. ज्याला आपण कायमची खूण म्हणतो ती एका अखंड हस्तांतरामुळे टिकून आहे. लेझरनं टॅटू काढायला इतक्या खेपा का लागतात, त्याचंही एक कारण हेच. किरणांनी फोडलेले कण वाहून जाण्याआधी नव्या पेशी त्यातले बरेचसे पुन्हा पकडतात.

या हातोहात चाललेल्या काजळात अलीकडे एक नवं चित्र आलं आहे: फुलपाखरू. वणीच्या रंगनाथ स्वामींच्या जत्रेसारख्या गर्दीत मशीन घेऊन बसणाऱ्यांच्या फलकावर ‘आई’, त्रिशूळ, ‘जय भीम’, बदामातलं नाव यांच्या रांगेत ते आता हमखास असतं. कॉलेजातल्या मुली मनगटावर, खांद्यावर, घोट्याजवळ ते काढून घेतात. आजीच्या पिढीच्या गोंदणात त्याला अशी मानाची जागा नव्हती. तिथं मोर होता, विंचू होता, सीतेचा पाट होता, कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके होते.

जुन्या गोंदणात फुलपाखरू का नसावं, याचं उत्तर गोंदण कशासाठी होतं यात आहे. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात ओझा समाजाची नोंद आहे. पुरुष गोंडांकडे गाणारे आणि शकुन सांगणारे, बायका गोंड बायकांना गोंदणाऱ्या. म्हणजे गोंदणारी बाई गावची ओळखीची, ठरलेल्या नात्यातली असे, आणि तिच्या सुईतून उतरणारी चित्रंही ठरलेली असत. विंचू गोंदला की विंचवाचं भय राहत नाही, ही समजूत. कुणाची लेक, कुठल्या घरची, कोणत्या देवाची, हे त्या रेघांवरून कळे. आणि सगळ्यांत खोल श्रद्धा ही, की मेल्यावर अंगावरचे दागिने काढून घेतात, सोबत येतं ते फक्त गोंदण. गोंडांच्या गुड्यापासून बंजाऱ्यांच्या तांड्यापर्यंत आणि कुणब्यांच्या वाड्यापर्यंत हे बोलणं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असे. दारिद्र्यात जगलेल्या बाईला ‘हे कुणी हिसकावून घेऊ शकत नाही’ असं म्हणता येणारी ती एकच दौलत होती.

अशा दौलतीत बदलाचं चित्र कशाला येईल? जुनं गोंदण सांगतं, मी यांची आहे. फुलपाखराचा टॅटू सांगतो, मी पूर्वीची राहिले नाही. दोन्ही बोलणी तितकीच खरी, पण पहिल्याला गाव साक्षीला लागतं आणि दुसरं माणूस एकट्यानं ठरवतं. हा फरक आपल्या सैन्यभरतीच्या नियमातही दिसतो. भरतीसाठी कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला गोंदलेलं चालतं, इतरत्र कायमचा टॅटू चालत नाही. आदिवासी उमेदवारांच्या चालीरीतीतल्या गोंदणाचा मात्र वेगळा विचार होतो. पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करणाऱ्या यवतमाळच्या पोरांनी खांद्यावर पंख काढून घेण्याआधी हे जरूर लक्षात ठेवावं.

जगात इतरत्र फुलपाखराकडे फार मोठी कामं सोपवली गेली आहेत, आणि त्यांतलं सर्वांत जुनं काम जीव वाहून नेण्याचं. ग्रीकांनी आत्म्याला, सायकीला, फुलपाखराचे पंख दिले. मेक्सिकोत सोळाव्या शतकात साहागुन या स्पॅनिश पाद्र्यानं ॲझ्टेक लोकांकडून लिहून घेतलेल्या माहितीत असं येतं, की युद्धात पडलेले योद्धे चार वर्षं सूर्याची सोबत करतात आणि मग हमिंगबर्ड आणि फुलपाखरं होऊन फुलांतला मध पितात. जपानमध्ये फुलपाखरू मृताचा जीवही असतं, आणि लग्नात मद्याच्या सुरयांना कागदाच्या नर-मादी फुलपाखरांची जोडीही बांधतात. ताइरा घराण्यानं तर ते आपलं कुलचिन्ह केलं. चीनमध्ये लिआंग शानबो आणि झू यिंगताय या ताटातूट झालेल्या प्रेमिकांची कबर उघडते आणि त्यातून फुलपाखरांची जोडी उडते. म्हणून तिकडे दोन फुलपाखरं एकत्र गोंदली की अर्थ ठरलेला.

आपल्याकडे हे काम फुलपाखराला मिळालं नाही, कारण ते आधीच कावळ्याकडे होतं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याचा जीव कशात अडकला नाही हे कळतं, आणि नाही शिवला तर अख्खं घर नदीकाठी हात जोडून उभं राहतं. पितरांसाठी पान वाढतात ते कावळ्याला. ज्या प्रदेशात पाहुण्याची वर्दी देणाऱ्यापासून पितरांचा घास उचलणाऱ्यापर्यंत सगळं एका पक्ष्यानं सांभाळलं, तिथं फुलपाखरू मोकळं राहिलं. ते मुलांच्या गाण्यात गेलं, भरतकामात गेलं, केसांच्या पिनेत गेलं. मला ही मोकळीक मोलाची वाटते. यवतमाळच्या एखाद्या मुलीनं आज ते हातावर घेतलं तर त्याला अर्थ देण्याचं काम तिचं तिलाच करायचं आहे.

अर्थात बाहेरचे अर्थ मोबाइलमधून येऊन पोचतातच. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी फुलपाखराच्या आकाराची, म्हणून त्या कर्करोगातून बरे झालेले लोक फुलपाखरू गोंदून घेतात. ब्रिटनमधल्या काही रुग्णालयांत जुळ्यांपैकी एक बाळ दगावलं असेल तर वाचलेल्याच्या पाळण्याजवळ जांभळं फुलपाखरू लावतात, म्हणजे भेटायला येणाऱ्यानं नकळत त्या आईला दुखवू नये. आणि २०१३ साली अमेरिकेत एमी ब्लूएल यांनी सुरू केलेल्या मोहिमेतून अर्धविराम ही आत्महत्येच्या विचारातून परतलेल्यांची खूण झाली: वाक्य इथं संपू शकलं असतं, पण लिहिणाऱ्यानं ते पुढं चालू ठेवलं. या अर्धविरामालाच पुष्कळ जण पंख काढतात. ज्या जिल्ह्याचं नाव इतकी वर्षं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत येत राहिलं, तिथं ही खूण कुणाच्या मनगटावर दिसली तर ती फॅशन म्हणून झटकून टाकू नये.

टॅटूत सर्वांत जास्त दिसणारं फुलपाखरू म्हणजे मोनार्क. नारिंगी पंख, काळ्या शिरा, काळ्या किनारीत पांढरे ठिपके. अमेरिकेच्या ईशान्य भागातून आणि कॅनडातून ही फुलपाखरं शरद ऋतूत निघतात आणि चार-साडेचार हजार किलोमीटर उडून मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांत पोचतात. पोचण्याची वेळ नोव्हेंबरच्या सुरुवातीची, नेमकी मृतांच्या सणाची. तिथले लोक म्हणतात, आपली माणसं आली. बाहेरच्या शास्त्रज्ञांना या मुक्कामाचा पत्ता १९७५ साली लागला. पण खरं थक्क करतं ते पुढचं. वसंतात ही फुलपाखरं उत्तरेकडे निघतात, वाटेत अंडी घालून मरतात. त्यांची मुलं थोडी पुढं जातात, अंडी घालून मरतात. नातवंडं आणखी पुढं. शरदात परत मेक्सिकोकडे निघतात ती पतवंडं. त्यांच्यातल्या एकानंही तो डोंगर कधी पाहिलेला नसतो. तरी ती त्याच जंगलात उतरतात. कातडीतल्या काजळासारखाच हा मार्गही हातोहात आलेला असतो.

मोनार्कसाठी मेक्सिकोला जायची गरज नाही, त्याचा सख्खा चुलतभाऊ यवतमाळात घरोघरच्या कुंपणाजवळ आहे. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती रुई. तिच्याभोवती संथपणे घिरट्या घालणारं नारिंगी फुलपाखरू म्हणजे प्लेन टायगर. मोनार्क आणि हे एकाच प्रजातीगटातले, डॅनॉसमधले, आणि दोघांनाही लिनियसनं १७५८ सालीच नावं देऊन ठेवली आहेत. रुईचा चीक कुणी तोंडात घेत नाही, गुरं तिला तोंड लावत नाहीत. प्लेन टायगरची अळी मात्र तीच खाते. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची ही अळी आधी पानाच्या शिरा कुरतडते, म्हणजे चिकाचा लोंढा तुटतो, आणि मग निवांत पान खाते. रुईतलं हृदयावर घाला घालणारं विष ती पचवून अंगात साठवते आणि पुढं फुलपाखरात ते उतरतं. एखाद्या पक्ष्यानं एकदा चोच मारली की पुन्हा त्या नारिंगी रंगाच्या वाटेला तो जात नाही. म्हणूनच हे फुलपाखरू इतकं संथ उडतं. त्याला घाई करण्याचं कारण नाही. घोळीवर वाढणारं ते काळं एगफ्लाय आठवतं ना? त्याची मादी नरासारखी काळी नसतेच. ती अंगात विष नसताना हुबेहूब प्लेन टायगरचा नारिंगी वेश करून फिरते आणि पक्षी तिलाही सोडून देतात.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं भित्तिचित्र आहे, सुमारे ३,३५० वर्षांपूर्वीचं. नेबामुन पपायरसच्या दलदलीत बायको-मुलीसह पाणपक्ष्यांची शिकार करतो आहे, आणि पक्ष्यांच्या गर्दीत फुलपाखरं उडत आहेत. ती प्लेन टायगर आहेत. पंखांच्या टोकाचा काळा पट्टा, त्यातले पांढरे ठिपके, सगळं ओळखू येतं. माणसानं काढलेल्या फुलपाखरांच्या अगदी जुन्या चित्रांपैकी ते एक. मृत माणसाच्या पुढच्या प्रवासासाठी रंगवलेल्या त्या भिंतीवर कलाकारानं जे पाखरू निवडलं, तेच आज राळेगावच्या रस्त्याकडेला रुईवर अंडी घालतं आहे.

पण यवतमाळात फुलपाखराविषयी लिहिताना अळीविषयी गप्प बसता येत नाही. टॅटूच्या जगात अळी म्हणजे मागे पडलेला दुबळा काळ, आणि पंख म्हणजे सुटका. इथल्या कापूस उत्पादकाला हे कसं पटावं? त्याच्यासाठी अळी म्हणजे गुलाबी बोंडअळी. तीही याच खवलेपंखी कुळातली. मोठी झाल्यावर तिचा जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा करडा-तपकिरी पतंग होतो. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा ती आटोक्यात आल्यासारखी वाटली. हळूहळू ती त्या विषालाही सरावली, आणि २०१७ च्या हंगामात तिनं विदर्भातली बोंडं आतून पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. रुईवरची अळी विष पचवते याचं आपण कौतुक करतो, बोंडातली अळी विषाला सरावते तेव्हा घरं बसतात. निसर्गाची ताकद एकच आहे, फक्त ती कुणाच्या वाट्याला कशी येते ते वेगळं. या जिल्ह्यात फुलपाखरू गोंदून घेणाऱ्या मुलीच्या घरी अळीचा अर्थ कर्ज असाही असू शकतो, आणि तिच्या हातावरच्या पंखांना त्यामुळे जे वजन येतं ते कुठल्याही डिझाइनच्या पुस्तकात सापडणार नाही.

आणि अळी मागे पडते, हेही पूर्ण खरं नाही. कोषात अळीच्या शरीराचा बराच भाग विरघळतो, स्नायू मोडतात, आतडी नव्यानं घडतात. अळीच्या अंगात आधीपासून दडलेल्या पेशींच्या बारक्या चकत्यांतून पंख, पाय, डोळे उभे राहतात. एवढी उलथापालथ झाल्यावर जुनं काय उरणार, असं वाटतं. २००८ साली अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी तंबाखूवर वाढणाऱ्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वास दिला आणि त्याबरोबर विजेचा हलका झटका. अळ्या त्या वासापासून पळायला शिकल्या. मग त्या कोषात गेल्या, पतंग होऊन बाहेर आल्या. शेवटच्या अवस्थेत शिकलेल्या अळ्यांचे पतंग तोच वास आला की दूर जात होते. अंग बदललं, तोंड बदललं, चालणं जाऊन उडणं आलं, पण झटका लक्षात होता. सगळं नवं झालं तरी झालेलं सगळं पुसलं जात नाही, हे फुलपाखराच्या चित्रात मुळातच आहे. ‘मी पूर्वीची राहिले नाही’ म्हणणाऱ्या मुलीचं आणि ‘हे माझ्यासोबत येईल’ म्हणणाऱ्या तिच्या आजीचं बोलणं मला इथं एकमेकांत मिसळलेलं दिसतं.

जत्रेतल्या मशीनचा जन्म १८९१ सालचा. न्यू यॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी एडिसनच्या विजेवर चालणाऱ्या लेखणीवरून त्याचं पेटंट घेतलं. बांधलेल्या सुयांनी एकेक ठिपका टोचण्याचं काम त्यानं भरभर केलं, पण धोका तोच ठेवला. एकच सुई दहा हातांत फिरली तर तिच्यातून कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही फिरू शकतात. नवी, बंद पाकिटातली सुई आपल्या डोळ्यांसमोर उघडायला लावा, शाईची वाटीही नवीच घ्यायला लावा. आणि टॅटू केल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हे लक्षात असू द्या.

यवतमाळात कुणाला फुलपाखरू गोंदून घ्यायचं असेल तर माझा एक आग्रह आहे. फलकावरचं कुठल्या तरी परक्या मोनार्कचं चित्र घेऊ नका. पावसाळा सरता-सरता सकाळी उन्हं वर आली की रुईजवळ थांबा आणि प्लेन टायगर पंख पसरून बसेपर्यंत वाट बघा. पुढच्या पंखाचं काळं टोक आणि त्यातली पांढरी पट्टी ओळखायला सोपी आहे. मागच्या पंखाच्या मधोमध मात्र नीट बघावं लागतं: तिथं काळे ठिपके तीन असतील तर मादी, चार असतील तर नर. चौथा ठिपका ही नराची गंधपिशवी असते. तुमच्या हातावर कोण हवं आहे ते ठरवा, आणि मशीनवाल्याला ठिपके मोजूनच काढायला सांगा.